पॅनल बेंचवर ओके, साइटवर २४ व्होल्ट मधूनच गायब: लूज टर्मिनेशन कसं पकडायचं

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीतल्या पॅनल शॉपला ही तक्रार नवी नाही. कंट्रोल पॅनल बेंचवर, म्हणजे शॉपच्या टेस्टिंग टेबलावर, सगळ्या टेस्ट पास होतं, क्यूसीची सही होते, माल डिस्पॅच होतो, कमिशनिंगही (साइटवर जोडून चालू करणं) सुरळीत पार पडतं. मग काही आठवड्यांनी साइटवरून फोन येतो: "दादा, मशिन मधेच थांबतंय. पॅनलचा दरवाजा उघडला की आपलं आपण चालू होतं."

लक्षणं साधारण अशी. पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर) स्वतःहून रीस्टार्ट होतो. एचएमआयचा, म्हणजे ऑपरेटरसमोरचा, स्क्रीन काळा होऊन परत पहिल्यापासून लोड व्हायला लागतो. रिले किटकिट करतात. एखाद्या सेन्सरचा इनपुट एलईडी लुकलुकतो आणि सेन्सर बदलला तरी फरक पडत नाही. सकाळच्या शिफ्टला काही होत नाही, दुपारी पॅनल तापलं की सुरू होतं. किंवा मोठा कॉन्टॅक्टर (जड लोड चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा स्विच) ओढला की नेमकं त्याच क्षणी होतं. तपासायला माणूस गेला की मशिन शहाण्यासारखं चालतं.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय) बदलतात, मग पीएलसीचं कार्ड. दोन्ही महाग आणि बहुधा दोन्ही निर्दोष. दोष असतो एखाद्या टर्मिनलच्या (वायर क्लँपखाली पकडून जोडायच्या जागेच्या) आत, तांब्याच्या तारा आणि क्लँप यांच्यामध्ये. म्हणजे आपल्या, असेंब्लीवाल्यांच्या हद्दीत. खाली जे लिहिलंय ते याच एका दोषाबद्दल आहे, कारण तो परत परत येतो आणि परत परत चुकीच्या पद्धतीने 'मिटवला' जातो.

आधी सगळं आवळू नका

साइटवरचा इलेक्ट्रिशियन पॅनल उघडतो, स्क्रूड्रायव्हर घेतो आणि वरपासून खालपर्यंत सगळे स्क्रू आवळत जातो. फॉल्ट जातो. सगळे खूश. महिन्याभराने तोच फॉल्ट परत.

सरसकट आवळण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याची कारणं आहेत. एक, नेमकी कुठली वायर ढिली होती हे आता कधीच कळणार नाही, म्हणजे ती का ढिली होती हेही कळणार नाही. शॉपमध्ये पुढचं पॅनल त्याच हातांनी, त्याच लगने (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी), त्याच टूलने तयार होणार. दोन, दोष नेहमी ढिल्या स्क्रूचा नसतो. क्लँपखाली इन्सुलेशन अडकलं असेल किंवा लगच्या आत तारा नीट दाबल्या गेल्या नसतील, तर स्क्रू कितीही आवळा, तात्पुरता स्पर्श होतो आणि पुन्हा सुटतो. तीन, टर्मिनल ब्लॉकमधले एम३ (३ मिलिमीटरचे) स्क्रू छोटे असतात. रागाने आवळले की आटे जातात, आणि आटे गेलेल्या स्क्रूची पकड राहत नाही.

म्हणून पहिलं काम हात न लावता माहिती गोळा करण्याचं. फॉल्ट कधी होतो: थंड की गरम, लोडवर की रिकामा, दरवाजा हलताना की मशिनचा एखादा भाग हलताना? एकच इनपुट जातो की पूर्ण २४ व्होल्ट? टर्मिनल ब्लॉकचे, एमसीबीचे (सर्किट ब्रेकर) आणि दरवाजाच्या लूमचे (दरवाजाकडे जाणारा वायरचा जुडगा) फोटो काढा, वायरवरचे फेरूल नंबर (ओळखीचे छापील नंबर) वाचता येतील इतक्या जवळून. ऑपरेटरशी बोला. त्याला सर्किट माहीत नसलं तरी "बॅग सील होताना बंद पडतं" एवढं तो बरोबर सांगतो, आणि ते एक वाक्य अर्धा शोध वाचवतं.

इथेच एक फाटा तपासून घ्या. पीएलसी बरोबर एखादी कॉइल बंद होतानाच रीसेट होत असेल, तर लूज वायरच्या आधी त्या कॉइलवरचा सर्ज सप्रेसर (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) बघा. डीसी कॉइलला उलटा डायोड, एसी कॉइलला आरसी स्नबर. ते नसेल किंवा डायोड उडाला असेल तर दुखणं वेगळं आहे.

बझर वाजला म्हणजे जोड चांगला, असं नाही

शोधात सगळ्यात जास्त वेळ घालवणारी सवय म्हणजे मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पीं वाजतंय का बघणं. कित्येक मीटरचा बझर वीस-तीस ओहमपर्यंतसुद्धा वाजतो, आणि त्या वेळी तो वायरमधून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. एका तारेच्या टोकावर टेकलेला जोडही त्याला चालतो. कंटिन्युइटी म्हणजे वायर योग्य जागी गेली आहे याची खात्री. जोड किती पक्का आहे हे तिला कळत नाही.

हिशोब करून बघा. एका खराब जोडाला अर्धा ओहम रेझिस्टन्स आहे आणि त्यातून ४ अँपिअर जातोय. २ व्होल्ट तिथेच पडले. आणि त्या एका बिंदूवर ८ वॅट उष्णता तयार होते, दाण्याएवढ्या जागेत. प्लास्टिक तपकिरी का होतं ते इथे कळतं. ते तापतं, तांब्यावर ऑक्साइड धरतो, रेझिस्टन्स अजून वाढतो, अजून तापतं. म्हणून हा दोष दिवसेंदिवस वाढत जातो.

आता उपकरणांची गरज बघा. २४ व्होल्टवर चालणाऱ्या पीएलसीला साधारण २०.४ व्होल्टच्या खाली गेलेलं चालत नाही. कॉन्टॅक्टरलाही रेटेड व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपासून वर खात्रीने ओढण्याची हमी असते, म्हणजे २४ चे तेच २०.४. एसएमपीएसवर २४ दिसतात, एका जोडात २ गेले, दुसऱ्यात १, लांब वायरमध्ये थोडे, आणि वर एखादा सोलेनॉइड चालू झाला. बस, पीएलसी गेला. एकटा कुठलाच जोड 'तुटलेला' नाही, म्हणून बझरला काहीच सापडत नाही.

मिलिव्होल्ट ड्रॉप: लोड चालू ठेवून मोजणं

हे माप सप्लाय चालू असताना घ्यायचं आहे, म्हणून आधी सुरक्षेचं. ज्याला लाइव्ह काम करायची परवानगी आणि प्रशिक्षण आहे त्यानेच करावं. २३० आणि ४१५ व्होल्टचे उघडे भाग कव्हरने झाकलेले असावेत, प्रोबची टोकं फक्त शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उघडी असावीत, अंगठी-कडं काढून ठेवा. इथे सांगितलेली पद्धत फक्त २४ व्होल्ट डीसीच्या बाजूला वापरा. ४१५ च्या बाजूला असं मोजत बसू नका. वायर काढायची वेळ आली की मेन बंद, लॉक, टॅग, आणि चालू असल्याची खात्री केलेल्या टेस्टरने सप्लाय गेल्याची तपासणी. पॅनलमध्ये ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय हात घालू नका, आतले कपॅसिटर मेन बंद केल्यावरही भरलेले राहतात.

पद्धत सोपी आहे. मशिन नेहमीच्या लोडवर चालू ठेवा. एसएमपीएसच्या प्लस-मायनसवर व्होल्टेज घ्या, समजा २४.० आलं. मग पीएलसीच्या सप्लाय टर्मिनलवर घ्या, समजा २१.८. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी पडले. आता मीटरचा एक प्रोब एसएमपीएसच्या प्लसवर आणि दुसरा पीएलसीच्या प्लसवर ठेवा. जे दिसेल तो प्लस लाइनमधला ड्रॉप, म्हणजे वाटेत पडलेलं व्होल्टेज. तसंच शून्य व्होल्टच्या लाइनला करा. कुठली बाजू दोषी हे दोन मापांत कळलं.

मग त्या बाजूचा निम्मा रस्ता मोजा: एसएमपीएसपासून फ्यूज टर्मिनलपर्यंत, तिथून टीबीपर्यंत (टर्मिनल ब्लॉक), टीबीपासून पीएलसीपर्यंत. जिथे मोठा आकडा दिसेल तो तुकडा पुन्हा अर्धा करा. शेवटी एक प्रोब वायरच्या लगवर आणि दुसरा टर्मिनलच्या मेटलवर, म्हणजे फक्त एकच जोड मधे राहतो.

किती ड्रॉप चालतो? वायरचा अंदाज आधी काढा. दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटरच्या) फ्लेक्झिबल कॉपर वायरला किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम रेझिस्टन्स असतो, पाऊण स्क्वेअरला २६. दीड स्क्वेअरची ३ मीटर वायर, ४ अँपिअर: साधारण १६० मिलिव्होल्ट. हे वायरचं, त्यात काही गैर नाही. चांगल्या जोडावर त्या करंटला अगदी मोजके मिलिव्होल्ट दिसतात. ठोकळ आकड्यापेक्षा शेजाऱ्याशी तुलना करा: तेवढाच करंट जाणाऱ्या शेजारच्या जोडावर ४ मिलिव्होल्ट आणि ह्याच्यावर १५०, तर चोर सापडला.

फॉल्ट येतो-जातो असा असेल तर मीटर त्या तुकड्यावर मिन-मॅक्सला (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) लावून ठेवा आणि प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने एकेक वायर हळू ढकला. ओढू नका, हिसका देऊ नका. दरवाजा सावकाश उघडा-बंद करा. माउंटिंग प्लेटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. आकडा उडाला की तो फेरूल नंबर लिहून घ्या. काही मिलिसेकंदांचा खड्डा साध्या मीटरला दिसत नाही, तिथे ऑसिलोस्कोप लागेल किंवा पीएलसीच्या डायग्नोस्टिक बफरमधल्या नोंदी बघाव्या लागतील.

थर्मल कॅमेरा असेल तर जरूर वापरा, पण तो काय दाखवत नाही तेही लक्षात ठेवा. १६ अँपिअरच्या लाइनवर नुसता ०.०५ ओहमचा दोष असला तरी जवळजवळ १३ वॅट तापतात, कॅमेऱ्यात तो लखलखीत दिसेल. पण सेन्सरच्या लाइनमधून ०.१ अँपिअर जातोय आणि जोडाला १ ओहम आहे, तर उष्णता ०.०१ वॅट. कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. शिवाय चकचकीत तांबं किंवा प्लेटिंग केलेला धातू कॅमेऱ्यात खोटा थंड दिसतो, म्हणून जोडाशेजारच्या इन्सुलेशनचं तापमान बघा.

शून्य व्होल्टच्या कॉमनबद्दल (सगळ्या उपकरणांची परतीची सामाईक लाइन) थोडं वेगळं सांगायला हवं. प्लस लाइन सुटली तर एखादी गोष्ट बंद पडते आणि कळतं. कॉमन ढिला झाला की मात्र विचित्र प्रकार होतात. एक आउटपुट चालू केला की दुसऱ्याचा दिवा मंद पेटतो, दोन सेन्सर एकदम बेभरवशाचे होतात, बंद केलेला रिले पूर्ण सुटत नाही. करंट परतीचा रस्ता नाही म्हणून दुसऱ्याच उपकरणातून वाट काढत असतो. असं काही दिसलं की प्रोग्राममध्ये शिरण्याआधी कॉमनच्या टीबीवर जा आणि तिथला शॉर्टिंग लिंक (शेजारची टर्मिनलं एकमेकांना जोडणारी पट्टी) बघा. लिंकचा एखादा स्क्रू लावायचा राहून जाणं किंवा प्लग-इन जंपर पूर्ण न बसणं हे मला वाटतं त्याहून फार जास्त वेळा सापडतं.

टर्मिनल उघडताना काय बघायचं

सप्लाय बंद करून लॉक केलात, दोषी जोड समोर आहे. स्क्रू लगेच सैल करू नका. आधी वायर बोटांनी नीट ओढून बघा. सुटून आली तर तिच्या टोकाकडे बघा: क्लँपची खूण आहे का? खूण नसेल तर ती कधी क्लँपमध्ये गेलीच नव्हती.

हा प्रकार एमसीबी आणि कॉन्टॅक्टरवर जास्त होतो. तिथला क्लँप पिंजऱ्यासारखा वर-खाली सरकतो. स्क्रू पूर्ण उघडलेला नसला की वायर पिंजऱ्यात न जाता त्याच्या मागून वर सरकते. वायरमन स्क्रू आवळतो, पिंजरा रिकामाच बंद होतो, स्क्रू घट्ट लागतो, आणि वायर नुसती धातूच्या पट्टीला टेकून, प्लास्टिकच्या आधाराने उभी राहते. समोरून बघितलं तर अगदी सुबक दिसते. बेंचवर सप्लायही जातो. ट्रकने दोनशे किलोमीटर हादरे दिले की टेकणं संपलं. यावर उपाय एकच: स्क्रू पूर्ण उघडून क्लँप खाली आलाय हे डोळ्यांनी बघूनच वायर घालायची, आणि आवळल्यावर प्रत्येक वायर ओढायची. प्रत्येक.

वायर घट्ट असेल तर स्क्रू सैल करून ती बाहेर काढा आणि टोक उजेडात धरा.

इन्सुलेशनच्या कडेवर चपटी दाबलेली खूण दिसली, तर क्लँपने तांब्याऐवजी पीव्हीसी पकडलं होतं. वायर कमी सोलली होती किंवा जास्त आत ढकलली होती. नवं असताना तारेचा थोडा भाग क्लँपला लागतो आणि सगळं चालतं. पॅनल तापलं की पीव्हीसी मऊ होऊन दबतं, पकड जाते. 'दुपारी होतं, सकाळी नाही' या तक्रारीमागे हे कारण पुष्कळदा निघतं.

लगवर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण दोष तिथे झाकला जातो. बाहेरून लग घट्ट, आत तारा सैल. लग आणि वायर दोन हातांत धरून ओढा, पिळा. स्क्रू टर्मिनलच्या पुल-टेस्टमध्ये दीड स्क्वेअरच्या वायरला ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलोची ओढ सहन व्हावी लागते, पाऊण स्क्वेअरला ३०, अडीचला ५०. लगचा क्रिंप (लग दाबून वायरवर केलेला जोड) तुमच्या हाताच्या साध्या ओढीने सुटत असेल तर त्याचा विषय संपला.

क्रिंप का बिघडतो याची कारणं शॉपमध्येच सापडतात. पहिलं, लग मोठा आणि वायर बारीक. पाऊणची वायर, लग दीडचा, कारण पाऊणचे संपले होते आणि स्टोअर बंद होतं. दुसरं, रंगावरून ओळखणं. डिन (जर्मन मानक) रंगसंगतीत ०.७५ ला करडा, १ ला लाल, १.५ ला काळा, २.५ ला निळा लग असतो. पण बाजारात दुसरी एक संगतीही मिळते, तिच्यात ०.७५ निळा आणि २.५ करडा असतो. म्हणजे एकाच ट्रेमध्ये दोन कंपन्यांची पाकिटं ओतली की निळा लग कुठल्या मापाचा हे देवालाही सांगता यायचं नाही. पाकिटावरचं माप वाचा, ट्रे वेगळे ठेवा. तिसरं, टूल. रॅचेटवालं क्रिंपिंग टूल पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, म्हणून अर्धवट क्रिंप होत नाही. कॉम्बिनेशन प्लायरने चेपलेला लग चपटा होतो, दाबला जात नाही. चौथं, सोलण्याची लांबी. ८ मिलिमीटर नळीच्या लगला साधारण १० मिलिमीटर सोलावं लागतं, कारण थोडा भाग प्लास्टिकच्या कॉलरमध्ये जातो. क्रिंप केल्यावर तारांची टोकं नळीच्या तोंडाशी दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर क्लँप रिकाम्या नळीला पकडतोय.

सोलताना तुटलेल्या तारा हा शांत दोष आहे. कटरने गोल कापून इन्सुलेशन ओढलं की बाहेरच्या चार-सहा तारांना चीर जाते. लगमध्ये ते दिसत नाही. स्थिर वायरमध्ये ती बरेच दिवस निभावते, दरवाजाच्या लूममध्ये नाही. तिथे रोज वाकून वाकून चिरलेल्या तारा एकेक तुटतात, आणि शेवटी इन्सुलेशन अखंड, आत तांबं तुटलेलं. दरवाजा एका कोनात असताना चालतं, दुसऱ्या कोनात बंद. वायर बोटांत धरून सरकवत नेली तर एका जागी ती मऊ लागते.

एका स्क्रूखाली दोन वायर, त्याही वेगळ्या मापाच्या, हे शक्यतो करूच नका. अडीचची वायर क्लँप उचलून धरते आणि पाऊणची तिच्या कुशीत सैल राहते. मशिनच्या इलेक्ट्रिकल सुरक्षेचं आयईसी ६०२०४-१ हे मानकही सांगतं की टर्मिनल त्यासाठी बनवलेलं असेल तरच त्यात एकाहून जास्त वायर घालाव्यात. लूपिंग (एका टर्मिनलवरून पुढच्यावर वायर नेणं) करायचंच असेल तर ट्विन लग (दोन वायर एकत्र घेणारा) वापरा किंवा जंपर लावा.

सोल्डर लावून कडक केलेलं टोक स्क्रूखाली कधीही नको. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल. घरगुती वायरिंगमधून ही सवय शॉपमध्ये येते, नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा.

पुश-इन (स्क्रूशिवाय, वायर ढकलून बसवायच्या) टर्मिनलमध्ये फक्त एवढंच बघा की फ्लेक्झिबल वायरला लग आहे, ती शेवटपर्यंत गेली आहे, आणि ती वायरच्याच भोकात आहे, स्क्रूड्रायव्हरच्या नाही.

दुरुस्ती साइटवर, इलाज शॉपमध्ये

साइटवर काळवंडलेलं टोक पॉलिश पेपरने घासून परत लावू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवा लग लावा. वायर तोकडी पडली तर ती पूर्ण बदला, चॅनलमध्ये (वायर नेणाऱ्या प्लास्टिकच्या पन्हळीत) जोड देऊ नका. टर्मिनल ब्लॉकचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा क्लँपचा रंग बदलला असेल तर ब्लॉक बदला. तापलेल्या क्लँपची पकड आणि प्लेटिंग गेलेलं असतं, ते घासून परत येत नाही.

आता टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळण्याचा मोजलेला जोर. स्क्रूच्या मापाप्रमाणे नेहमी लागणारे आकडे: एम३ ला ०.५ न्यूटन-मीटर, एम३.५ ला ०.८, एम४ ला १.२, एम५ ला २. पण उपकरणावर किंवा कॅटलॉगमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा. टॉर्क स्क्रूड्रायव्हर शॉपमध्ये असतो, पण क्यूसीच्या कपाटात कुलूपबंद असतो, ऑडिटच्या दिवशी बाहेर येतो. तो वायरमनच्या हातात हवा. 'हाताचा अंदाज' सकाळी दहाला वेगळा असतो आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचला रात्री नऊला वेगळा, यात कुणाच्या कौशल्याचा प्रश्न नाही.

बिटसुद्धा बरोबर हवा. बऱ्याच एमसीबी-कॉन्टॅक्टरच्या स्क्रूवर पोझिड्राइव्ह खाच असते. त्यात साधा फिलिप्स बिट घातला की तो वर चढतो, निसटतो, आणि आवळल्याचा भास होतो. टीबीच्या एम३ ला ३.५ मिलिमीटर रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, हातात आलेला कुठलाही नाही. टॉर्क दिल्यावर पेंट मार्करची खूण करा, टॉर्क दिल्यावरच. आधी खुणा करून मग आवळत गेलेली पॅनलं बघितली आहेत, त्या खुणेला काही अर्थ राहत नाही.

बेंच टेस्टमध्ये हा दोष निसटतो यात नवल नाही. मेगर टेस्ट इन्सुलेशन तपासते, हाय व्होल्टेज टेस्टही तेच, फंक्शन टेस्टमध्ये वायरिंगचा क्रम तपासला जातो. या कुठल्याच टेस्टमध्ये जोडातून खरा करंट जात नाही. म्हणून २४ व्होल्टच्या मुख्य लाइनवर डमी लोड लावून ड्रॉप मोजण्याची पायरी वाढवा. महागडी सामग्री लागत नाही. ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॅटचा बल्ब जवळजवळ ३ अँपिअर घेतो. एसएमपीएसच्या क्षमतेत बसतील तेवढेच लावा आणि एकेक करून चालू करा, कारण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतं आणि एसएमपीएस ओव्हरलोडमध्ये जातो. लोड टीबीच्या फील्ड बाजूला (जिथे मशिनकडून येणाऱ्या वायर लागतात) लावा, म्हणजे मधला प्रत्येक जोड त्यात येतो. एसएमपीएसपासून प्रत्येक ग्रुपच्या शेवटच्या टर्मिनलपर्यंत प्लस आणि शून्य दोन्हीचा ड्रॉप टेस्ट रिपोर्टवर लिहा.

दरवाजाच्या लूमला दोन्ही बाजूंना क्लँप द्या, एक बिजागरीच्या इकडे, एक तिकडे, मधे यू आकाराचा झोल. दरवाजा उघडताना वायर वाकण्यापेक्षा पिळली गेली की जास्त टिकते. क्लँप नसेल तर सगळा ताण थेट पुशबटणाच्या स्क्रूवर येतो.

फील्ड बाजूचं तेवढंच महत्त्वाचं. टीबीची खालची ओळ साइटच्या माणसांनी भरलेली असते. तिथे फार वेळा लग नसतो, टॉर्क नसतो, आणि बिल मात्र पॅनल शॉपच्या नावाने फाटतं. म्हणून पॅनलसोबत त्या टीबीला लागणारे लग, टॉर्कचा आकडा आणि सोलायची लांबी लिहिलेलं एक पान द्या. कमिशनिंगच्या दिवशी खालची ओळही ओढून बघा. हादऱ्यांनंतर आणि तारा क्लँपखाली बसल्यावर स्क्रू टर्मिनल एकदा तपासणं योग्य, पण तेही सप्लाय बंद ठेवून, टॉर्क ड्रायव्हरने, आणि पॅनल चालवायला घेण्याआधी.

दुरुस्ती झाल्यावर त्याच लोडवर, त्याच दोन बिंदूंवर ड्रॉप पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा आकडा ड्रॉइंगवर त्या वायर नंबरशेजारी लिहून ड्रॉइंग दरवाजाच्या खिशात ठेवा. कापलेलं टोक लगसकट एका पिशवीत घालून शॉपला परत पाठवा, सोबत क्लँपचा जवळून काढलेला फोटो. पिशवीवर वायरमनचं नाव नको, पॅनल नंबर आणि वायर नंबर पुरे. ती वायरिंगच्या टेबलाजवळ सगळ्यांना दिसेल अशी लावा, म्हणजे ज्याने ती वायर लावली त्यालाही ती बघता येईल, कारण साइटवर काय झालं हे त्याला एरवी कुणी सांगत नाही. आणि त्याच बॅचची पॅनलं अजून डिस्पॅच झाली नसतील तर आधी तेच टर्मिनल त्या प्रत्येक पॅनलमध्ये उघडून बघा.